काही संकेतस्थळेच का उघडत नाहीत?

घरातले सगळे दिवे एकदम गेले, की आपण आधी खिडकीशी जातो आणि समोरच्या इमारतीत उजेड आहे का ते पाहतो. तिथेही अंधार असेल, तर दोष आपल्या घरात नाही हे कळते आणि आपण मेणबत्ती शोधू लागतो. पण फक्त स्वयंपाकघरातलाच दिवा गेला असेल, तर कोणी वीज कंपनीला दूरध्वनी करीत नाही. स्टूल घेऊन दिवाच तपासतो. पंखा फिरतो आहे, फ्रीज चालू आहे, म्हणजे वीज घरापर्यंत आलेली आहे, हा निष्कर्ष आपण कोणी न शिकवताच काढलेला असतो.

संगणकाच्या बाबतीत मात्र हे शहाणपण आपण विसरतो. समजा, मुलुंडच्या एका घरात अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज भरायचा आहे. मुंबई विभागात हे प्रवेश २००९ पासून इंटरनेटवरून होतात आणि २०२५ पासून साऱ्या राज्यात तीच पद्धत आली आहे. मुदतीचा शेवटचा दिवस आहे. वर्तमानपत्र उघडते, क्रिकेटचा धावफलक दिसतो, चित्रफिती चालतात. पण अर्जाचे संकेतस्थळ काही उघडत नाही. मग धावपळ सुरू होते. राउटर दहा वेळा बंद-चालू होतो. ब्राउझर काढून पुन्हा बसवला जातो. शेजारचा दादा येऊन चार ठिकाणी काहीतरी बदलून जातो. शेवटी जे आधी चालत होते, तेही बंद पडते!

खरे तर ‘काही उघडतात आणि काही उघडत नाहीत’ या एका वाक्यात निम्मा तपास झालेला असतो. सगळेच बंद असते, तर दोष कोठेही असू शकला असता. येथे जे चालते आहे ते साक्षीदार आहे. काय काय शाबूत आहे, हे ते आपल्याला सांगत असते. ही साक्ष कशी वाचायची, ते आपण या लेखात पाहू.

एका पानाचा प्रवास

संकेतस्थळाचे नाव लिहून आपण कळ दाबली, की पाच कामे एकामागून एक होतात.

पहिले काम नावावरून पत्ता शोधण्याचे. यंत्रांना नावे कळत नाहीत, अंक कळतात. नेहमीच्या पद्धतीत हा पत्ता म्हणजे ० ते २५५ या दरम्यानच्या चार संख्या असतात. असे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते होऊ शकतात. नावासमोर पत्ता सांगणारी जगभर पसरलेली जी निर्देशिका आहे, तिला डीएनएस म्हणतात. पॉल मोकापेट्रिस या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८३ साली तिची रचना मांडली.

दुसरे काम त्या पत्त्यापर्यंत वाट मिळण्याचे. घरातल्या राउटरपासून इमारतीच्या गच्चीवरून गेलेल्या केबलवाल्याच्या तारेपर्यंत, तेथून सेवा देणाऱ्या कंपनीच्या केंद्राकडे, मग दुसऱ्या कंपन्यांच्या जाळ्यांत आणि गरज पडली तर समुद्राखालून परदेशात, अशी ती वाट जाते.

तिसरे काम ओळख पटवण्याचे. समोरचा संगणक खरोखर त्याच संकेतस्थळाचा आहे, याचे प्रमाणपत्र तो दाखवतो आणि आपला ब्राउझर ते तपासतो.

चौथे काम मजकूर आणण्याचे. पान अखंड येत नाही. त्याचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या पाकिटात येतो. अशा एका पाकिटात साधारणपणे जास्तीत जास्त १५०० बाइट मावतात. तीन लाख बाइटांच्या छायाचित्राला दोनशेहून अधिक पाकिटे लागतात.

पाचवे काम सर्व्हरचे, म्हणजे ज्या संगणकावर ते पान ठेवलेले आहे त्याचे. आलेली मागणी समजून घेऊन त्याने उत्तर द्यावयाचे असते.

या पाचांपैकी प्रत्येक ठिकाणी असा दोष होऊ शकतो, की त्याचा त्रास काही संकेतस्थळांनाच व्हावा. म्हणून दोष कोणत्या पायरीवर आहे ते आधी ठरवले पाहिजे.

आधी तीन प्रश्न

कोणतीही कळ फिरवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत.

एक: त्याच संगणकावर दुसऱ्या ब्राउझरमध्ये ते संकेतस्थळ उघडते का? उघडत असेल, तर तार, राउटर आणि कंपनी या सर्वांची निर्दोष सुटका झाली. पहिल्या ब्राउझरने जपून ठेवलेला जुना मजकूर किंवा त्याला जोडलेली एखादी उपयोजना अडथळा करीत असणार.

दोन: त्याच राउटरवर जोडलेल्या दुसऱ्या संगणकावर किंवा मोबाइलवर ते उघडते का? उघडत असेल, तर दोष पहिल्या संगणकातच आहे.

तीन: मोबाइलचे वाय-फाय बंद करून सिमकार्डाच्या इंटरनेटवर ते उघडते का? उघडत असेल, तर सर्व्हर जिवंत आहे आणि दोष घरच्या जोडणीत किंवा तिच्या कंपनीत आहे. तेथेही उघडत नसेल, तर बोरिवलीला किंवा घाटकोपरला राहणाऱ्या मित्राला विचारावे. त्याची कंपनी निराळी असेल तर अधिक बरे. त्याच्याकडेही तीच रड असेल, तर दोष बहुधा पलीकडचा आहे. मग राउटरला छळण्यात अर्थ नाही.

हे तीनही प्रश्न पाच मिनिटांत होतात, आणि त्यांत काहीही बदलावे लागत नाही. वैद्य आधी नाडी पाहतो, औषध नंतर देतो, तसेच हे आहे.

याच वेळी पडद्यावरचा संदेश वाचून लिहून ठेवावा. ‘४०४’, ‘४०३’ किंवा ‘५०३’ असे अंक दिसले, तर पुष्कळ जण घाबरतात. वास्तविक ही चांगली बातमी असते! हे अंक सहसा पलीकडचा सर्व्हरच पाठवतो. ४०४ म्हणजे ‘हे पान माझ्याकडे नाही’, ४०३ म्हणजे ‘तुम्हाला परवानगी नाही’ आणि ५०३ म्हणजे ‘मला आत्ता काम झेपत नाही’. उत्तर आले, याचा अर्थ वाट शाबूत आहे. निकालाच्या दुपारी लाखो विद्यार्थी एकाच वेळी एकाच संकेतस्थळाकडे धावतात, तेव्हा ५०३ दिसतो. त्यावर इलाज एकच, थोडे थांबणे.

नावाचा घोटाळा

नाव विचारल्यावर पत्ताच मिळाला नाही, किंवा चुकीचा मिळाला, तर काय होईल? ज्यांचे पत्ते बरोबर मिळतात ती संकेतस्थळे उघडतील आणि बाकीची उघडणार नाहीत.

या प्रकाराचे एक गाजलेले उदाहरण पाहू. नोव्हेंबर २००८ मध्ये ‘कॉन्फिकर’ नावाचा एक संगणक-कृमी आढळला. जगभरातील लाखो संगणकांत तो शिरला. लागण झालेला संगणक वरवर ठीक चाले. बातम्या दिसत, टपाल येई. फक्त संगणक-विषाणूंवर औषध देणाऱ्या कंपन्यांची संकेतस्थळे उघडत नसत. त्या नावांची चौकशी होताच कृमी ती मध्येच अडवीत असे. म्हणजे रोगाने नेमके वैद्याचेच दार बंद केले होते!

पण या चलाखीनेच तो पकडला गेला. २००९ मध्ये तज्ज्ञांनी एक साधे पान तयार केले. डोळे तपासण्याच्या तक्त्यासारखे ते होते. त्यात काही चित्रे औषध देणाऱ्या संकेतस्थळांवरून येत आणि काही साध्या संकेतस्थळांवरून. सगळी चित्रे दिसली तर संगणक निरोगी. फक्त पहिल्या प्रकारची दिसली नाहीत तर लागण झालेली. काय दिसते आणि काय दिसत नाही, एवढ्यावरून निदान! कोठलेही उपकरण लागले नाही.

दुसरे उदाहरण ‘डीएनएस-चेंजर’चे. हा विषाणू संगणकाला खऱ्या निर्देशिकेऐवजी चोरांच्या निर्देशिकेकडे पाठवीत असे. नोव्हेंबर २०११ मध्ये ही टोळी पकडली गेली. पण चोरांची निर्देशिका एकदम बंद केली असती, तर लाखो लोकांचे इंटरनेटच थांबले असते. म्हणून तिच्या जागी काही महिने खरी उत्तरे देणारे तात्पुरते संगणक ठेवले गेले. ते ९ जुलै २०१२ रोजी बंद झाले.

आपल्या घरी हे कसे तपासायचे? विंडोज संगणकावर ‘कमांड प्रॉम्प्ट’ ही काळी खिडकी उघडा आणि इंग्रजी अक्षरांत ‘एनएसलुकअप’ लिहून पुढे संकेतस्थळाचे नाव द्या. पत्ता आला तर पहिली पायरी पार पडली. ‘असे नाव सापडत नाही’ असे उत्तर आले, तर त्याच आज्ञेच्या शेवटी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ हा सार्वजनिक निर्देशिकेचा पत्ता लिहून पुन्हा विचारा. आता उत्तर मिळाले, तर तुमच्या कंपनीच्या निर्देशिकेत घोटाळा आहे असे समजावे. मात्र दोन निर्देशिकांनी दोन वेगळे पत्ते दिले म्हणून लगेच संशय घेऊ नये. मोठ्या संकेतस्थळांच्या प्रती अनेक ठिकाणी ठेवलेल्या असतात आणि जवळची प्रत सांगितली जाते.

संगणकात ‘होस्ट्स’ नावाची एक छोटी यादीही असते. निर्देशिका जन्मण्यापूर्वीच्या काळातला हा वारसा आहे. संगणक आधी ही यादी पाहतो. कोणी तिच्यात एखाद्या नावासमोर खोटा पत्ता लिहून ठेवला, तर ते एकच संकेतस्थळ त्या एकाच संगणकावर उघडत नाही.

घड्याळ मागे पडले तर

आता एक विचित्र वाटणारा प्रश्न. संगणकाचे घड्याळ चुकले, तर संकेतस्थळे का उघडू नयेत?

तिसऱ्या पायरीवरील प्रमाणपत्रावर ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत ग्राह्य’ असे लिहिलेले असते. रेल्वेच्या पासासारखेच हे आहे. तिकीट तपासनिसाच्या कॅलेंडरावर चुकून पाच वर्षांपूर्वीची तारीख असेल, तर आजचा खरा पासही त्याला खोटा वाटेल. ब्राउझरचे तसेच होते. संगणकाची तारीख २०१५ ची असेल, तर आजचे प्रमाणपत्र त्याच्या दृष्टीने अजून सुरूच झालेले नसते. मग प्रमाणपत्र मागणारी संकेतस्थळे अडतात आणि ते न मागणारी जुन्या धर्तीची थोडी संकेतस्थळे तेवढी उघडतात.

घड्याळ मागे का पडते? संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवण्यासाठी आत रुपयाएवढी एक बटण-बॅटरी असते. तिच्यावर बहुधा ‘२०३२’ हा अंक असतो. त्यातले २० म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. तिचा दाब ३ व्होल्ट असतो. काही वर्षांनी ती संपते. मे महिन्याच्या सुट्टीत घर बंद करून, भिंतीवरचे बटण बंद करून मंडळी कोकणात जातात. परत येऊन संगणक लावला, की त्याला वाटते अजून कारखान्यातलीच तारीख चालू आहे! उपाय सोपा आहे. तारीख, वेळ आणि भारतीय प्रमाणवेळेचा विभाग तपासा. प्रत्येक वेळी घड्याळ मागे जात असेल, तर बॅटरी बदलून घ्या.

याच्या उलटही घडू शकते. घड्याळ बरोबर असून संगणकच जुना असतो. प्रमाणपत्रावर सही करणाऱ्या विश्वासू संस्थांची यादी प्रत्येक संगणकात असते आणि त्या सहीलाही मुदत असते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी, भारतीय वेळेनुसार संध्याकाळी साडेसातच्या सुमारास, अशीच एक फार वापरली जाणारी मूळ सही मुदतबाह्य झाली. नवी यादी घेतलेल्या संगणकांना काही कळलेही नाही. वर्षानुवर्षे अद्ययावत न केलेल्या पुष्कळ संगणकांवर आणि फोनवर मात्र त्या क्षणापासून अनेक संकेतस्थळे अडली. आदल्या दिवशी चालणारा संगणक दुसऱ्या दिवशी ‘बिघडला’, पण त्याच्या एकाही स्क्रूला धक्का लागलेला नव्हता!

पाकीट मोठे, वाट अरुंद

सर्वांत फसवा दोष चौथ्या पायरीवर असतो. संकेतस्थळ उघडू लागते, वरच्या पट्टीत नाव येते, चक्र फिरत राहते आणि पान काही येत नाही. लिहिलेला निरोप जातो, पण छायाचित्र जात नाही. हे कसे?

महानगर टेलिफोन निगमने २००५ मध्ये मुंबईत ‘ट्रायबँड’ नावाने टेलिफोनच्याच तांब्याच्या तारेवरून वेगवान इंटरनेट देण्यास सुरुवात केली. उपनगरांतील पुष्कळ घरांत मोडेम आले ते तेव्हा. अशा जोडणीत ग्राहकाचे नाव आणि परवलीचा शब्द तपासण्यासाठी बहुधा ‘पीपीपीओई’ नावाची पद्धत वापरतात. आजच्या काचतंतूंच्या अनेक जोडण्यांतही ती आहे. ही पद्धत प्रत्येक पाकिटावर स्वतःची ८ बाइटांची चिठ्ठी चिकटवते. मग १५०० बाइटांच्या जागेत मजकुराला १४९२ च उरतात.

रेल्वेच्या पुलाखालून जाणाऱ्या रस्त्यावर उंचीची मर्यादा दाखवणारी लोखंडी कमान असते, ती आठवा. रिक्षा आणि मोटारी खालून सहज जातात. उंच ट्रक अडतो. तेथला शिपाई ट्रकमालकाला निरोप धाडतो, “इतक्या उंचीचा माल चालणार नाही, लहान गाडीतून पाठवा.” मालक शहाणा असेल तर तसे करतो. इंटरनेटवरही असाच निरोप जातो आणि पलीकडचा सर्व्हर लहान पाकिटे पाठवू लागतो. ही पद्धत १९९० पासून ठरलेली आहे.

पण काही संकेतस्थळांच्या दारावरचे राखणदार सुरक्षिततेच्या नावाखाली असे सगळेच निरोप फाडून टाकतात. मग तो सर्व्हर पुन्हा पुन्हा मोठीच पाकिटे पाठवतो आणि ती कमानीशी नष्ट होतात. सुरुवातीची ओळखपाळख लहान पाकिटांत होत असल्यामुळे ती नीट पार पडते; मुख्य मजकूर तेवढा येत नाही. ज्या संकेतस्थळांचे राखणदार निरोप आत सोडतात, ती मात्र व्यवस्थित उघडतात.

हे मोजता येते. काळ्या खिडकीत इंग्रजी अक्षरांत ‘पिंग’ लिहा, पुढे उघडणाऱ्या एखाद्या संकेतस्थळाचे नाव, मग ‘-एफ’, ‘-एल’ आणि १४७२ हा आकडा लिहा. एफ म्हणजे ‘पाकीट फोडू नका’ आणि एल म्हणजे ‘इतके बाइट भरा’. पाकिटाच्या शीर्षकाला आणखी २८ बाइट लागतात. १४७२ आणि २८ मिळून १५०० झाले. ‘पाकीट फोडणे आवश्यक’ अशा अर्थाचे उत्तर आले, तर १४६४ घालून पाहा. आता उत्तर नीट आले, तर १४६४ अधिक २८, म्हणजे १४९२ ही तुमच्या वाटेची उंची ठरली. राउटरच्या मांडणीत ‘एमटीयू’ या जागी हाच आकडा असावयास हवा. १४७२ च नीट गेले, तर हा संशय सोडून द्यावा.

समुद्रात काय झाले?

घाटकोपरहून मेट्रोने निघालो, की शेवटचे स्थानक वर्सोवा. तेथून जवळच्या किनाऱ्यावर भारताला जगाशी जोडणाऱ्या अनेक केबल्स समुद्राखालून वर येतात. केसाइतक्या बारीक काचतंतूंतून प्रकाशाच्या रूपाने आपली पाकिटे जा-ये करतात. उपग्रहामार्फत जाणारा भाग त्या मानाने फारच थोडा असतो.

३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ ‘सी-मी-वी ४’ आणि ‘फ्लॅग युरोप-एशिया’ या दोन केबल्स तुटल्या. दोन्ही मुंबईला येणाऱ्या. भारताची परदेशांशी असलेली वाहतूक त्या दिवशी कोलमडली. सुमारे दहा दिवसांनी दुरुस्ती झाली. ६ सप्टेंबर २०२५ रोजी तांबड्या समुद्रात, जेद्दाहजवळ, पुन्हा ‘सी-मी-वी ४’ आणि तिच्याबरोबर ‘आय-मी-वी’ या केबल्सना इजा झाली आणि भारत, पाकिस्तान व आखाती देशांत इंटरनेट मंदावले.

अशा वेळी सगळेच बंद का पडत नाही? कारण सगळी संकेतस्थळे एका वाटेवर नसतात. ज्यांच्या प्रती मुंबईतच ठेवलेल्या आहेत ती झटकन उघडतात. देशातल्या देशात कंपन्यांनी पाकिटांची देवघेव करावी म्हणून २००३ मध्ये ‘निक्सी’ ही संस्था स्थापन झाली. मुंबईतही तिचे केंद्र आहे. सिंगापूरकडे जाणाऱ्या केबल्स शाबूत असतील, तर पूर्वेकडची संकेतस्थळेही चालतात. रखडतात ती युरोपच्या वाटेवरची.

एखादे संकेतस्थळ जवळ आहे की दूर, हे घरबसल्या कसे ओळखावे? येथे भौतिकशास्त्र मदतीला येते. काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५ आहे. म्हणून काचतंतूत प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाखांऐवजी सुमारे २ लाख किलोमीटर असतो. म्हणजे एका मिलिसेकंदात २०० किलोमीटर. पिंगचे उत्तर जाऊन-येऊन मोजले जाते, म्हणून प्रत्येक मिलिसेकंदामागे अंतर १०० किलोमीटर धरावे. उत्तर ५ मिलिसेकंदांत आले, तर तो सर्व्हर ५०० किलोमीटरांपेक्षा दूर असूच शकत नाही! संकेतस्थळाचे नाव अमेरिकन असले, तरी प्रत जवळपासच आहे. उलट लंडन मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे ७,२०० किलोमीटर आहे, म्हणून तेथले उत्तर ७२ मिलिसेकंदांच्या आत येणे शक्य नाही. प्रत्यक्षात वाट वाकडी असल्याने १०० च्या वरच लागतात.

एक सावधगिरी मात्र हवी. काही सर्व्हर पिंगला उत्तर देतच नाहीत. तेव्हा उत्तर आले नाही, एवढ्यावरून सर्व्हर बंद आहे असे ठरवू नये.

मुद्दाम बंद केलेले दार

काही वेळा संकेतस्थळ कोणीतरी हेतुपूर्वक बंद केलेले असते. शाळेच्या प्रयोगशाळेत तसे करतात. सरकारलाही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९-अ या कलमान्वये ठराविक कारणांसाठी तसा आदेश देता येतो.

यातही चूक कशी होते, ते मुंबईकरांनी पाहिले आहे. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत बॉम्बस्फोट झाले. त्यानंतरच्या दिवसांत काही मोजकी पाने बंद करण्याचा सरकारी आदेश इंटरनेट कंपन्यांकडे गेला. कंपन्यांनी त्या पानांऐवजी ‘ब्लॉगस्पॉट’ हे सारे ठिकाणच अडवले. एका खोलीला कुलूप लावायचे, तर साऱ्या चाळीच्या दाराला लावले! स्फोटांनंतर लोकांना मदतीची माहिती देणारे पानही त्याच चाळीत होते. काही दिवसांनी ही चूक सुधारली. एका पत्त्यावर हजारो पाने राहतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हा प्रकार समजायला वेळ लागत नाही.

कधी संकेतस्थळच पाहुण्याला नाकारते. एका कंपनीची शेकडो घरे बाहेरून एकाच पत्त्याने ओळखली जातात. त्यांतल्या एकाने उपद्रव केला, तर सर्वांनाच मनाई होते. परदेशी राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांना भारतातील काही सरकारी संकेतस्थळे उघडता येत नाहीत, त्यामागेही असेच कारण असते. ती देशाबाहेरच्या पत्त्यांना बंद ठेवलेली असतात.

तपासाची वही

आता क्रम लक्षात ठेवू. आधी तीन प्रश्न आणि पडद्यावरचा संदेश. मग तारीख आणि वेळ. मग नावावरून पत्ता. मग पाकिटाची लांबी. शेवटी वाट. सोपे आणि बिनखर्चाचे आधी, अवघड नंतर.

जवळ एक वही ठेवावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. बदलण्यापूर्वी मूळ आकडा लिहून ठेवावा. फरक पडला नाही, तर मूळ आकडा परत घालावा आणि मगच पुढे जावे. प्रयोगशाळेत आपण एका वेळी एकच चल राशी बदलतो. तोच नियम येथे लागू आहे.

दोन गोष्टी मात्र कधीही करू नयेत. ब्राउझर ‘ही जोडणी सुरक्षित नाही’ असे सांगत असताना ‘तरीही पुढे जा’ दाबून परवलीचा शब्द, आधार क्रमांक किंवा बँकेची माहिती भरू नये. घड्याळ बरोबर असताना ही सूचना आली, तर समोर खरोखरच तोतया असू शकतो. दुसरे, घाईत शोधून सापडलेल्या अनोळखी ‘मदत क्रमांका’वर दूरध्वनी करून आपला पडदा परक्याच्या हाती देऊ नये. संकेतस्थळ उद्या उघडेल. खात्यातून गेलेले पैसे परत येतीलच असे नाही. अर्जाची मुदत संपत असेल, तर मोबाइलच्या इंटरनेटवरून किंवा शाळेतून अर्ज भरावा आणि निदान नंतर निवांतपणे करावे.

करून पाहा

१. पाच संकेतस्थळे घ्या. प्रत्येकाचा पिंगचा वेळ सकाळी आणि रात्री नोंदवा. कोणते तुमच्यापासून जास्तीत जास्त किती किलोमीटरांवर असू शकेल, ते काढा.

२. वर्गातील विद्यार्थ्यांनी आपापल्या घरच्या वाटेची ‘उंची’ मोजून तक्ता करावा. १५०० आणि १४९२ यांपैकी कोणता आकडा अधिक घरांत आढळतो? कंपनीनुसार फरक पडतो का?

३. निदान सांगा: (अ) अंधेरीच्या एका घरात बँकेचे संकेतस्थळ संगणकावर उघडत नाही, पण त्याच वाय-फायवर मोबाइलवर उघडते. संगणकाची तारीख १ जानेवारी दाखवते आहे. (आ) एक संकेतस्थळ कोठेच उघडत नाही आणि सगळीकडे ५०३ दिसते. (इ) निरोप जातात. पण काही संकेतस्थळे अर्ध्यावर अडकतात आणि छायाचित्रे चढत नाहीत. १४७२ चे पिंग अडते, १४६४ चे जाते.

उत्तरे: (अ) घड्याळ चुकले आहे, बटण-बॅटरी संपली असावी. (आ) सर्व्हरवर ताण आहे, थांबावे. (इ) पाकीट वाटेपेक्षा मोठे आहे. राउटरमध्ये १४९२ हा आकडा घालावा.